पंचमीची फुगडी

ती. मंगलअक्कास,
पुण्याहून धाकट्या नंदाचा वाकून नमस्कार. वाकायला आता जमतंय, काळजी करू नको.

फोनवर तू रडतीस आन मग मला बोलायला सुचत न्हाई, म्हणून लिहायला बसले. तुमच्याकडं उसाची लागण झाली का? आईचा गुडघा कसा हाय?

गाठीबरोबर डाव्या छातीचा मोठा स्नायूच काढावा लागला, त्यामुळं हातात जोर न्हाई. व्यायाम शिकवणाऱ्या बाई लय चांगल्या हायत. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढायला लावत्यात. पाण्याची भरलेली बाटली उचलती मी आता. भाकरी हे थापत्यात. कडा जाड ऱ्हात्यात, पर मी पोटभर खाती.

काल बाईंनी व्यायामाला येणाऱ्या आम्हा सगळ्यांना विचारलं, हाताला जोर कशासाठी पायजे? कुणी म्हणालं नातवाला उचलायचंय. मी म्हणलं, पंचमीला माहेरी कुंडलला जाऊन अक्कासंगं फुगडी घालायचीय. बाईंनी नुसता माझा हात धरला.

आईला फक्त गाठ काढली एवढंच ठाऊक हाय. ती दरवर्षीसारखी उंबऱ्यावर बसून आपल्याकडं बघंल. तू हात पुढं कर, मी दोन्ही देईन. पर मागं झुकू नको, तुझा भार मला तोलायचा न्हाई. आन डावा हात सुटलाच, तर थांबू नको, माझ्या तोंडाकडं बघू नको. उजव्यावर फिरत ऱ्हा. आईला वाटू दे, आपण एका हाताची फुगडी घालतोय.

तुझीच,
नंदा