हंबीररावांच्या बोकडाचा निबंध

कसबा बावडा,
९ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप पिराजीमामांच्या पायांवर भाचा सयाजी याचं डोकं (केस कापलेत, काळजी नसावी). मामींची कंबर कशी आहे? आईनं पाठवलेलं तेल लावता, की बाटली फळीवर शोभेला ठेवलीय? इकडं सगळे खुशाल, मी सोडून.

कारण असं की आमच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी एका फौजदारी खटल्यावर निबंध मागितलाय. तो त्यांना पटल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाहीत. बाकीच्या पोरांनी पुस्तकातले खून घेतले. मला वाटलं, घरचा खटला असताना उसना खून कशाला? म्हणून तुमचाच घेतला, भावकीतल्या थोरल्या हंबीररावांचा बोकड चोरल्याचा (रागावू नका, तुमचं नाव कुठं नाही, सगळीकडं 'आरोपी' लिहिलंय).

प्राध्यापकांचा दंडक असा, की आधी हकीकत, मग वादाचा मुद्दा, मग पुरावा, कायदा आणि शेवटी निष्कर्ष. तांबडा आणि पांढरा रस्सा जसा वेगळ्या वाटीत, तसं यातलं काही एकमेकांत सांडायचं नाही. आणि तुम्ही हा खटला प्रत्येक लग्नात सांगता तो थेट निकालापासून! मी कसाबसा सरळ लावला. जत्रेच्या आदल्या दिवशी बोकड गेला, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं पंगती उठल्या, आणि बोकडाची लाल गोंड्याची दोरी तुमच्या परड्यात सापडली. इथवर ठीक. पुरावा लिहायला बसलो, तर पुरावा अख्ख्या गावानं खाल्लेला. बोकडाची खूण म्हणजे डाव्या कानाची खाच. कान मुंडीला. आणि भावकीत कापलेल्या पहिल्या बोकडाची मुंडी मान म्हणून हंबीररावांच्या घरी पोचवायची, ही वाडवडिलांची चाल तुम्ही त्याही दिवशी मोडली नाहीत. फिर्यादीनं आपल्याच बोकडाचा कान भाजून खाल्ला! वकिलानं "कान कुठाय?" विचारल्यावर हंबीररावांचं तोंड कसं झालं, हे तुमच्याकडून ऐकताना मला दरवेळी ठसका लागतो. कायद्याच्या भागात तर मीच सापडत होतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार, आणि त्या पंगतीत मामांच्या मांडीवर बसून नळी मी चोखलेली. पण सात वर्षांखालच्या पोराचा गुन्हा धरत नाहीत असं कलम निघालं आणि जीव भांड्यात पडला.

निष्कर्ष लिहिला, पुराव्याअभावी निर्दोष. प्राध्यापकांनी निबंध परत केला. समासात तांबड्या शाईनं एवढंच, 'दोरी परड्यात कशी आली?' आता मला झोप नाही. कारण मामा, आठवून बघा, गोष्ट सांगताना दोरीपाशी आलात की तुम्ही हटकून पान मागता. चोरी केली असेल तर मालकालाच मुंडी पाठवण्याइतके तुम्ही येडे नाही. केली नसेल तर दोरी कुठनं आली? कोर्टानं तुम्हाला केव्हाच सोडलंय, तेव्हा भाच्याला तरी खरं सांगा. बोकड तुम्हीच नेला ना?

तुमचा (आणि बोकडाचा ऋणी),
सयाजी

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आईला वाचून दाखवलं. दोरी आली आणि तिनं भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, "दादाला काय इचारतोस? बोकड म्या सोडला. आदल्या साली जत्रंत दादाकडं माझ्या सासूला नुसती आमटी वाढली, तर वरीसभर टोचून खाल्लं मला. ती परत यायची हुती, आन दादाच्या दारात कोंबडंबी न्हवतं. इकत आणला म्हणून सांगितलं त्याला."

मी विचारलं, मग मामांना कळलं कधी?

"फौजदारानं दोरी उचलली तवा. पर माझ्याकडं नुसतं बघितलंबी न्हाय की त्यानं."

मामा, मी सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्हाला बोकडचोर म्हणत आलो आणि तुम्ही हसत पान लावत बसलात. मला आज फार रडू आलं. आई तर अजून पदर डोळ्यांना लावून बसलीय.

ता. क. दुसरा. निबंध आईनं चुलीत घातला. पुढच्या सोमवारपर्यंत नवा द्यायचा आहे. तुमच्यावर आणखी एखादा खटला झाला असेल तर उलट टपाली कळवा. फक्त या खेपेला गुन्हा तुम्ही स्वतः केलेला असावा.