शेपटीचं माप

४ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: करवंटीचा कोळसा, कुटून वस्त्रगाळ, एक बरणी (पोटातलं विष शोषायला). रांगजूत वेलीच्या पानांचा काढा, चार बाटल्या (कुठल्याही विषावर). हे सगळं ठेवायची लाकडी पेटी, बिजागऱ्या सायकलच्या ट्यूबच्या. आणि आज पूर्ण झालेलं माप: पत्र्यात कानशीने केलेलं त्रिकोणी भोक. नालखेकड्याची सळईसारखी शेपूट त्रिकोणी तर अंडी खायची, गोल तर विष, हे बेटावरचं पोरही जाणतं. पण नुसत्या बोटांवर किती भरवसा ठेवायचा?

बायको, लमाई, म्हणाली, "अहो, बोटांत धरून फिरवली की कळतं. पत्रा कशाला?" चौथी शिकलेली. मीही चौथीच, पण पुढचं माझं मी शिकलो.

९ मार्च
आरोग्यकेंद्रात नर्स अरायाचं भाषण. म्हणे घरच्या घरी उलटी काढू नका, कुशीवर झोपवा, श्वास बघा, तडक खाडीपलीकडे दवाखान्यात न्या. मी उभा राहून रांगजूतचं विचारलं. "प्या की काका, पण बोटीत बसून प्या." सगळे हसले. बोटवाला खेम सगळ्यात मोठ्याने.
संकल्प: केंद्राची पायरी चढणार नाही.

१५ मार्च
पेटी तयार, पण अजून कोणी विष खाल्लं नाही. काढा आंबायला लागलाय.

२१ मार्च, सकाळ
जाळ्यात दोन नालखेकडे. दोन्ही शेपट्या मापातून सर्रकन गेल्या. एक जरा बारीक होती. लमाई ती बोटांत फिरवायला गेली, मी काढून घेतली. मापातून पास झालीय, म्हटलं. "बरं बाई, डॉक्टरसाहेब सांगतील तसं!" अंडी, कैरी, मिरची. मी पेटीला रंगाचा दुसरा हात देत होतो, म्हणून ती आधी जेवली.

दुपार
लमाईचे ओठ बधिर. म्हणते, "जीभ माझी नव्हेच असं वाटतंय." मिरची असणार. तरी काढा दिला, वर मिठाचं पाणी. उलटी झाली. म्हणजे पद्धत लागू पडली. खेम दारात आला, त्याला परत पाठवला. उपचार मध्येच तोडता येत नाहीत.

त्यानंतर
पाय उचलत नाही. बोलत नाही. डोळे माझ्यावर, ऐकतेय सगळं. कोळसा विष कसं शोषतो ते तिला नीट समजावलं. कोळसा गिळता येईना. छाती फार हळू हलतेय. काढ्याची तिसरी बाटली.

२६ मार्च
विहारातलं उरकलं. अस्थी घरी आणल्या.

अराया येऊन बसली. म्हणाली, "काका, या विषाला औषधच नाही. दवाखान्यात मशीनने श्वास देत राहतात, विष आपोआप उतरतं. मावशी वाचल्या असत्या." औषधच नाही, तर माझ्या काढ्याला दोष कसला, असं मी विचारलं. ती चहा न घेताच उठली.

उकिरड्यातून शेपट्या शोधून काढल्या. बारीक होती ती गोल. बोटांत फिरवली की लगेच कळतं. त्रिकोणी भोकातूनही जाते, बारीक असली की. कानस बोथट होती, भोक थोडं मोठं झालं.
संकल्प: नवं माप करायचं. कोणासाठी, ते ठरलेलं नाही.

खेम रस्त्यात दिसला की मान वळवतो. नोंद अचूक असावी म्हणून लिहितो. त्या दुपारी तो दारात म्हणाला होता, "दादा, इंजिन चालू ठेवलंय, वहिनीला उचलू या." मी नको म्हटलं. तेलाचे तीनशे बाट मागत होता, तेही परत आल्यावर.