माधवीसाठी चौदा गाइडं

१२ जानेवारी, रविवार
माधवी वकील होणार! काल मित्राकडे, प्रतापकडे, जेवताना तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं, मला परत वकिली करायचीय. परत म्हणजे आमच्या लग्नाआधी ती नागपुरात कोर्टात जायची. सहा वर्षं. पण तिकडची डिग्री इथे कॅनडात कुत्रं विचारत नाही, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना समजावलं. प्रतापच्या मुलीने लॉ स्कूलची एन्ट्रन्स दिली होती, तेव्हा सुरुवात तिथूनच. माधवी मधे काहीतरी सांगू बघत होती. म्हणालो, तू फक्त अभ्यास कर, गाइड कुठलं घ्यायचं ते माझ्यावर सोड.
येताना गाडीत गप्प होती. भारावली असणार.
संकल्प: महिनाअखेर गाइड फायनल.

१९ जानेवारी
बाजारात चौदा गाइडं आहेत. एक्सेल शीट केली, कॉलम बावीस. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवलेला माणूस घरात असताना चुकीचं पुस्तक येणं शक्य नाही.
माधवीला शीट दाखवली. म्हणाली, नंदन, मला ही परीक्षा द्यायची गरजच नाहीये.
आत्मविश्वास कमी. तेविसावा कॉलम: धीर देणारी भाषा.

२ फेब्रुवारी, सकाळी ७
फायनल झालं नाही. कारण बर्फ. दोन वीकएंड ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसण्यात गेले. उपसला आमच्या लेकीने, ईशानीने, पण लक्ष माझं होतं.

९ फेब्रुवारी
व्हिटबी गावातल्या एका बाईंकडून तीन जुनी गाइडं आणली. कोऱ्या पुस्तकाने अभ्यास होतो हा इथल्या लोकांचा भ्रम आहे. आपण सगळे वापरलेल्या पुस्तकांवरच शिकलो. त्या बाईंनी पेन्सिलने लिहिलेली उत्तरं सलग चार संध्याकाळी खोडत बसलो. खाकी कव्हरं घातली. लेबलवर माधवीचं नाव माझ्या चांगल्या अक्षरात. तिच्या टेबलावर ठेवायला गेलो तर जागा नव्हती, तिची कसली तरी जाड पुस्तकं होती. ती खाली जमिनीवर ठेवली.

१६ फेब्रुवारी
गाइडात कोड्यांचा भाग आहे. सात माणसं, सात खुर्च्या, कोण कोणाशेजारी बसत नाही. मला झकास जमतात. खरं तर वकील मीच व्हायला हवं होतं.
ईशानीला अभिमानाने दाखवलं. सोळा वर्षांची आहे, इंग्लिशमध्येच उत्तर देते. म्हणाली, डॅड, दे टुक दॅट सेक्शन आउट लास्ट समर. मग म्हणाली, डिड यू ईव्हन आस्क हर?
शीटमध्ये प्रकाशनवर्षाचा कॉलम राहिला होता. मानवी चूक.
संकल्प: पुन्हा पहिल्यापासून.

८ मार्च, शनिवार
महिला दिन. मुद्दाम हाच दिवस निवडला. चौदातून दोन उरली आहेत, एक पिवळं, एक निळं. माधवी गेल्या वर्षापासून अधूनमधून एखाद्या शनिवारी बेसमेंटमध्ये दार लावून बसते. मेडिटेशन असणार. दारावर चिठ्ठी होती, चार तास कोणीही आत येऊ नये. ती ईशानीसाठी. मी चहा आणि दोन्ही पुस्तकं घेऊन आत गेलो आणि म्हणालो, हॅपी विमेन्स डे, पिवळं की निळं?
लॅपटॉपवरून एक बाई इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाली. मी तिलाही हात हलवला. माधवी माझ्याकडे बघत राहिली आणि मग टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. हुंदके देऊन. लग्नानंतर इतकी रडलेली पाहिली नव्हती.
कोणी आपल्यासाठी इतकं करतं म्हटल्यावर माणसाला भरून येणारच.

९ मार्च
माधवी ईशानीच्या खोलीत झोपली. आमच्या खोलीत हीटिंग कमी येतं. माणूस बोलावणार आहे.

२० एप्रिल
पिवळं फायनल. नंतर निळं.
माधवी बोलत नाही. अभ्यासाचं टेन्शन. हीटिंगवाल्याला फोन करायचा राहिला, तसाही उन्हाळा येतोय.

२८ जून
निळं गाइड कव्हर घालून तिच्यासमोर ठेवलं. म्हणालो, घे, झालं एकदाचं.
ती पाणी प्यायली. मग शांतपणे सांगितलं. परदेशात वकील झालेल्यांना इथे लॉ स्कूलची एन्ट्रन्स द्यावी लागत नाही. त्यांचे पेपर वेगळे. तिला पाच द्यायचे होते. चार गेल्या वर्षीच झाले, घरातल्या घरात, कॅमेऱ्यासमोर. पाचवा आठ मार्चला होता. खोलीत दुसरं माणूस आलं म्हणून तो रद्द झाला. मे महिन्यात परत दिला. पास झाली. विमानाने जावं लागतं त्या रेजिनाच्या एका वकिली ऑफिसात वर्षभर उमेदवारी करायला जागा मिळाली आहे. सप्टेंबरपासून.
मी म्हणालो, मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं. जानेवारीत दोनदा सांगितलं.
मी म्हणालो, आपल्या किचनरमध्ये वकील नाहीत का. ती म्हणाली, आहेत, नंदन. मला तिकडे जायचंय.

२९ जून, पहाटे ५
मागची पानं वाचली. खरंच दोनदा. माझ्याच अक्षरात आहे.

६ जुलै
हातपाय गाळून चालणार नाही. रेजिनातल्या अपार्टमेंट्सची शीट केली. फक्त नऊ कॉलम, सुधारणा आहे. तिला दाखवली. तिने जागा आधीच घेतली आहे. एका बेडरूमची. म्हणालो, ईशानी आली तर? म्हणाली, आम्ही दोघी मावतो.

३० ऑगस्ट
एअरपोर्ट. बॅगा देण्याच्या रांगेत काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, नागपुरात कसल्या केसेस चालवायचीस? एकोणीस वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारलं, हे विचारल्यावर लक्षात आलं. तिच्याही लक्षात आलं असणार.
तरी तिने सांगितलं. पोटगीच्या केसेस. एक बाई तीन वर्षं प्रत्येक तारखेला उमरेडहून एसटीने यायची, निकाल लागला तेव्हा हिला मिठी मारून रडली होती. सांगताना माधवीचे हात हलत होते, आवाज मोठा झाला होता, पुढचा माणूस वळून बघत होता. ही बाई माझ्या घरात राहत होती आणि मला माहीत नव्हती. मला ती फार आवडली. तेवढ्यात आमचा नंबर आला.
ईशानी गाडीत रडली. मी विंडशील्ड पुसत राहिलो. पाऊस नव्हता.

५ ऑक्टोबर
दिवाळी वीस तारखेला. सकाळपासून मनाशी वाक्यं जुळवून दुपारी फोन केला. माधवी बरी आहे. थंडी सुरू झाली. ऑफिसातले लोक चांगले आहेत, तिचं ऐकून घेतात. मी मधे एकदाही बोललो नाही. अकरा मिनिटं. मग विचारलं, दिवाळीला मी येऊ का?
मला वाटलं फोन कट झाला. हॅलो म्हणणार होतो, पण थांबलो.
मग म्हणाली, ईशानीला पाठव.
हो म्हणालो. तिकीट काढलं. विंडो सीट, ईशानीला आवडते. मग बेसमेंटमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि रडलो.