जाडोबाचा डावा खांदा

प्रिय ढमाबाई,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र मामाच्या हाती पाठवते आहे. मागच्या आठवड्यात तुला नुसतं विचारलं, की शनिवारी दवाखान्यातून सोडल्यावर घरीच येशील ना, तर म्हणालीस, काही दिवस मावशीकडे जाते, आणि तो गेम शेजारच्या मुलींना देऊन टाक, या हाताने मला काय उपयोग त्याचा. मी बरं म्हटलं. आईने बरं म्हटलं म्हणजे ऐकलंच असं नाही, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं.

तर बातमी अशी, की गेम अजून टीव्हीखालीच आहे आणि तुझी आई रोज जाडोबाचा मार खात आली आहे. हो, तोच तुझा गेममधला हातोडेवाला राक्षस. कारखान्यातल्या त्या अपघाताआधी महिनाभर तू जेवताना त्याच्याबद्दलच बडबडायचीस, आणि मी शिलाई मशीनवर पाठमोरी बसून तुझे सुस्कारे ऐकायचे. आता स्वतः समोर बसले तेव्हा कळलं, पोरीचं काही चुकत नव्हतं, मेला आहेच तसा. सुरुवातीला तर मी दारातून आत पाऊल टाकलं, की त्याने मला चेपलंच. एकदा गिऱ्हाईक ट्रायलला येऊन उभं, आणि मी तोंडात टाचण्या धरून टीव्हीला शिव्या घालतेय.

मग एक गोष्ट ध्यानात आली. आपण सगळे त्याच्या हातोड्याकडे बघतो आणि तिथेच फसतो, कारण तो हातोडा वर नेऊन मुद्दाम थांबतो. मी जन्मभर लोकांचे खांदे मोजले आहेत. मोठा घाव घालायच्या आधी त्याचा डावा खांदा बोटभर खाली येतो, बाही नीट बसली नाही की येतो तसा. खांदा पडला की कोलांटी मार, पण मागे नाही, त्याच्याच अंगाकडे. मागे गेलीस तर हातोडा गाठतोच. मग पाठीत दोन घाव घाल आणि सटक. तिसऱ्याचा मोह धरू नकोस. त्या मोहापायी मी किती वेळा मेले ते विचारू नकोस.

तुझ्या हिरोचं ते चिलखतही मी काढून ठेवलं. एवढं जड अंगात घालून माणूस कोलांट्या मारणार कसा? बिचारा आता बनियनवर लढतो, पण चपळ झालाय. दोन्ही हातांनी धरायची ती लांब तलवार काढून त्याला सुरी दिली. अर्धा जीव गेला की जाडोबा हातोडा फेकून पेट घेतो, तेव्हा तू लांब पळायचीस. पळू नकोस. जाळ बाहेर पसरतो, पोटाखाली जागा मोकळी असते. तिथेच चिकटून राहा, आणि औषधाची बाटली तो दम घेईल तेव्हा पी, घाबरलीस म्हणून नाही.

आता बटणांचं. सेटिंगमध्ये जाऊन सुरीचा वार डाव्या हाताच्या मागच्या बटणावर आणला. कोलांटीला मात्र बोट उरेना. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले आणि माझ्या जुन्या मशीनचं पायाने दाबायचं पेडल त्यांच्यापुढे ठेवलं. वहिनी, हे काय भलतंच, असं म्हणत म्हणत त्यांनी त्याची वायर गेमच्या कंट्रोलरला जोडून दिली. तेव्हापासून कोलांटी पायाने. माझा पाय इतका तयार झालाय, की काल माप देताना एका बाईंनी डावा खांदा जरा पाडला आणि मी पाय आपटला. त्या दचकल्या. मुंगी होती म्हणून वेळ मारून नेली.

हे सगळं धडधाकट हाताने खेळून मी तुला उपदेश केला असता, तर तू ऐकला नसतास, आणि ते बरोबरच होतं. म्हणून तुझ्या उजव्या हाताची जी दोन बोटं कारखान्यातल्या त्या प्रेसखाली गेली, तीच माझी बोटं, आणि तुझा वळत नाही तो अंगठा, असं सगळं कापडाच्या पट्टीने तळहाताशी बांधून मी खेळायला बसत होते. पहिल्या दिवशी कंट्रोलर हातातून पडला आणि मी खूप रडले. दवाखान्यात तुझ्यासमोर आवरून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी बांधली. काल सकाळी जाडोबा पडला, ढमे. आधी गुडघ्यावर, मग तोंडावर. त्याच्यामागचं दार उघडायला लागलं तशी मी नजर फिरवली, पलीकडे काय आहे ते आधी तू बघायचंस. मग गेमने विचारलं, सेव्ह करायचं का. मी ‘नाही’वर दाबलं आणि सगळं बंद केलं. म्हणजे तो अजून जिवंत आहे, अंगावर एक ओरखडा नाही, तुझी वाट बघत उभा आहे. तुझ्या वाटणीचा राक्षस मी कशी मारून टाकू? पेडल तुझ्या खुर्चीखाली लावून ठेवलं आहे. शनिवारी घरी ये.

वाट बघणारी, तुझीच,
आई