हृदयाभोवतीचं पाणी

९ जानेवारी १९८९
आडवं झालं की श्वास कोंडतो. पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसलं की बरं. पाय सुजलेत. चौथीचा वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून देवपूरहून रिक्षाने दवाखान्यात आले. एकटीच.

१० जानेवारी
छातीचा फोटो काढला. हृदयाच्या जागी माठ दिसतो. मी विचारलं, "हृदय वाढलंय का?"
डॉक्टर म्हणाले, "नाही बाई. हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिच्यात पाणी साठलंय. हृदयाला फुलायला जागाच उरली नाही."
वीस वर्षं शाळेत शिकवतेय. अशी पिशवी असते हे आज कळलं.

११ जानेवारी
बहुतेक टीबीचं पाणी. सुईने काढायचंय. नातेवाइकाची सही हवी.
जळगावला निंबाच्या ऑफिसात फोन लावला. आई गेल्यावर या भावाला मीच वाढवलं.
"टीबी?" निंबा म्हणाला. मग, "अक्का, घरात लहान मुलं आहेत गं."
हा खोकल्यातून पसरणारा नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय — मी बोलत होते. त्याने फोन ठेवला होता.

१२ जानेवारी
सिस्टर सहीचा कागद घेऊन उभी. शेजारच्या खाटेवर भागाबाई, भडगावची, दम्याची पेशंट. ती उठली.
"मी देस आंगठा."
सिस्टर म्हणाली, नातं काय?
"तिनी बहीन शे मी."
छातीच्या हाडाखालून सुई. लालसर पाणी, बाटली भरली. आणि एकदम श्वास आला. दुपारी उताणी झोपले — किती दिवसांनी! भागाबाई पायाशी बसून होती.

२० जानेवारी
भागाबाईला घरी सोडलं. जाताना म्हणाली, "घरमा मी एकलीच शे. बरी व्हयनी का मन्हाकडे ये."
बरी झाले की तिच्याकडे यायचं म्हणे. पत्ता वहीत लिहून घेतला.

२४ जानेवारी
पाणी परत भरलेलं नाही. रोज इंजेक्शन, गोळ्या नऊ महिने. डॉक्टर म्हणाले, "मध्येच सोडल्या तर पिशवी जाड होईल, हृदयाला आवळेल." मग छाती उघडून ती सोलून काढतात म्हणे. निंबाला सगळं पत्रात लिहिलं, दोन तारखेला सोडणार तेही.

२९ जानेवारी
पत्र नाही.

२ फेब्रुवारी
आज सोडलं. निंबा आला. वॉर्डाच्या दारातच थांबला, नाकाला रुमाल.
"चल अक्का, तुझ्या खोलीवर पोचवतो."
मी म्हटलं, "मला भडगावच्या एस.टी.त बसवून दे."