मी कोंबडी सोडली त्या महिन्यात

३ मार्च, सोमवार. जेवणानंतर.
आजपासून मांसाहार बंद. कायमचा. निर्णय सर्वस्वी माझा. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल काढला, बायकोनं तो रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला आणि लेक दोन महिने ताट घेऊन आतल्या खोलीत जेवते, या गोष्टींचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही.

लेकीनं नवीन वर्षापासून मांस सोडलंय. तुम्ही खुशाल खा, पण मला वास सहन होत नाही, म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. तेव्हापासून माझ्यासमोरची खुर्ची रिकामी. रिकाम्या खुर्चीसमोर घास उतरत नाही. म्हणजे उतरतो, पण मजा येत नाही.

आज जाहीर केलं. बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं. लेक मात्र ताट घेऊन टेबलावर आली. कॉलेज, मैत्रिणी, प्रोफेसरांचा विग, सगळं भडाभडा सांगत सुटली. किती दिवसांनी. डाळीचं सूप मी दोनदा घेतलं. सोपं आहे हे. लोक उगाच बाऊ करतात.

५ मार्च, बुधवार.
पद्धत ठरवली. ड्रायव्हिंग शिकवण्यात आयुष्य गेलं, तेच तंत्र वापरायचं: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. आरसा म्हणजे स्वतःच्या पोटाकडे बघणं. बघितलं. इंडिकेटर म्हणजे सगळ्या जगाला सांगून टाकणं, म्हणजे मागे फिरायची लाज वाटते.

म्हणून आज प्रत्येक शिकाऊला सांगितलं. क्लचवर पाय असलेला माणूस वाद घालत नाही. रिटायर्ड नर्सबाईंना सिग्नलला कडधान्यांचं महत्त्व पटवलं. पृथ्वी, हृदय, प्राणी, तिन्ही मुद्दे घेतले. सिग्नल हिरवा झाला तरी त्या ऐकतच होत्या. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. अज्ञान, दुसरं काय.

७ मार्च, शुक्रवार.
कडधान्यं. दिवसभर काचा उघड्या ठेवून शिकवलं. शरीर शुद्ध होतंय.

१० मार्च, सोमवार.
रिव्हर्स पार्किंग शिकवायला शहरात एकच आदर्श जागा आहे, विजेचा खांब आणि कचराकुंडी यांच्या मधली. ती कोंबडी भाजणाऱ्याच्या दुकानासमोर आहे यात माझा काय दोष? भट्टीवाला मला वर्षानुवर्षं ओळखतो. गाडी दिसली की पार्सल घेऊनच बाहेर येतो. आजही आला. सोडलं म्हणून सांगितलं. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, मांस राहू दे, निदान वरची कुरकुरीत कातडी तरी घ्या.

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. कातडी म्हणजे मांस नव्हे. बूट कातड्याचा असतो, त्याला कुणी मांसाहारी म्हणत नाही. शिवाय त्याचं मन मोडवेना.

१३ मार्च, गुरुवार.
पंख. पंखात नाव घेण्यासारखं मांस नसतंच, सगळी हाडं. हाडं मी खाल्ली नाहीत.

नर्सबाई स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, सर, तुमचं ऐकून मीसुद्धा सोडलं. एकदम हलकं वाटतंय. खूप अभिमान वाटला. तोंड भरलेलं होतं म्हणून तसं सांगता आलं नाही.

संध्याकाळी लेकीला शिकवायला घेतलं. अठ्ठावीसला तिची परीक्षा आहे. बसल्या बसल्या विचारलं, बाबा, गाडीत कसला वास येतोय? नर्सबाईंचा डबा, म्हणालो. बोलून गेल्यावर वाईट वाटलं. लिंबाच्या वासाची बाटली आणून आरशाला टांगली.

१४ मार्च, शुक्रवार.
आता गाडीत लिंबू पिळलेल्या कोंबडीचा वास येतो.

१८ मार्च, मंगळवार.
आमच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. परीक्षेत शिक्षक पुढे आणि परीक्षक मागे बसतात. परीक्षेत शिक्षकानं तो ब्रेक दाबला की विद्यार्थी नापास, मग कारण काहीही असो. माझा पाय शहरात सगळ्यात शांत समजला जातो. नवे शिक्षक बघायला येतात.

आज नर्सबाई दुकानासमोरून सरळ पुढे निघाल्या. मी काही म्हणायच्या आत पाय खाली गेला. गाडी खांबाजवळ थांबली. भट्टीवाला पार्सल घेऊन दारातच. मांजर मध्ये आलं होतं, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मला दिसलं नाही. मी म्हणालो, म्हणून तर शिक्षक लागतो.

यात तंगडी होती. तंगडीबद्दल काही मुद्दा सुचला नाही. उद्या विचार करेन.

२४ मार्च, सोमवार.
बायको विचारत होती, भाजीपाल्यावर वजन वाढलं कसं. कडधान्यं जड असतात, म्हणालो. तिनं पुन्हा नुसतं बघितलं. या बघण्याचं काहीतरी केलं पाहिजे.

जेवताना लेक म्हणाली, बाबा, तू माझ्यासाठी सोडलंस हे मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलंय. सांगून टाकावं असं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तिनं मला वाटाणे वाढले. आणखी हवेत का, विचारलं. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो मी?

२७ मार्च, गुरुवार.
उद्या परीक्षा. लेक तयार आहे. हात स्थिर, नजर चांगली, आरसा विसरत नाही. माझ्यावर गेली आहे. आज भट्टीवाल्याला शेवटचं सांगून आलो: संपलं, आता नाही. तो म्हणाला, बरं, आणि पार्सल दिलं. शेवटचं म्हणून खाल्लं.

परवापासून नवीन सुरुवात. खरी. तिच्या हातात लायसन्स आलं की आरामात सगळं सांगेन, ती हसेल.

२८ मार्च, शुक्रवार.
लेक अप्रतिम चालवत होती. चढावर गाडी इंचभरही मागे आली नाही. परीक्षक मागून हूं हूं करत होते, म्हणजे खूश होते. मग म्हणाले, पुढच्या चौकातून डावीकडे घ्या. तो रस्ता मी ओळखला. पाय सीटखाली घेतला. दोन्ही पाय. मनात पालेभाज्यांची नावं घ्यायला लागलो.

खांब दिसला. कचराकुंडी दिसली. पाय सीटखालून कधी निघाला ते मला कळलं नाही. गाडी गचकन थांबली.

परीक्षकांनी विचारलं, काय झालं? मांजर, मी म्हणालो. ते म्हणाले, रस्ता मोकळा होता. लेकीनं एकदा आरशात बघितलं, एकदा रस्त्यावर, आणि मग माझ्याकडे. तेवढ्यात भट्टीवाला माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, साहेब, आज कातडी जास्त टाकली आहे, तुम्हाला आवडते तशी. आणि पार्सल माझ्या मांडीवर ठेवलं.

परीक्षकांनी कागदावर काट मारली.

घरी आल्यावर लेक दारात म्हणाली, बाबा, मला राग कोंबडीचा नाही आला. मांजराचा आलाय. पुढच्या वेळी दुसऱ्या शिक्षकाबरोबर परीक्षा देणार आहे, म्हणाली. शांतपणे म्हणाली.

जेवायच्या वेळी मी नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलो. बायकोनं पार्सल ताटात काढून ताट माझ्या हातात दिलं. म्हणाली, तिला वास सहन होत नाही, आत जाऊन खा.

आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून जेवलो. बाहेर टेबलावर लेक तिच्या आईला काहीतरी सांगत होती, मध्येच दोघी हसल्या. दार लोटलेलं असल्यामुळे शब्द कळत नव्हते. कोंबडी गार झाली होती. सगळी संपवली.