अठ्ठावीसची जागा

प्रिय शॅनन,

तुझ्या सायकलची वाट मी लावली. फोनवर 'एकदम मस्त आहे' म्हणालो ते खोटं. कुवेतला जाताना तू फक्त हवा भरून ठेव म्हणालास, चालव म्हणाला नव्हतास. मी तीन महिने चालवली. बोळिंजहून राजोडीच्या समुद्रावर, ओल्या वाळूत, कोणी ना कोणी रेस लावायला असायचाच. टायर पार गुळगुळीत झाले, मागच्याच्या तर आतल्या दोऱ्या दिसायला लागल्या.

मग गुपचूप नवीन घ्यायला गेलो. जुन्यावर रुंदीचा आकडा २५ लिहिलेला. दुकानातला मार्क म्हणाला, मडगार्ड ठेवायचे असतील तर २८च्या वर जाऊ नको, टायर आणि मडगार्डच्या मध्ये करंगळी फिरली पाहिजे, नाहीतर चिखल अडकून चाक जाम. पण आपण कधी कोणाचं ऐकलंय? जाड टायर दिसतो भारी, म्हणून ३२ उचलले. घरी येऊन बसवले तर चाक हलेचना, मडगार्डला टेकून बसलेलं.

आणि मडगार्ड तरी कोणाचे? तुझ्या पप्पांचे. रिटायर झाल्यावर सॅन्टन अंकल पापडीच्या अंगणात महिनाभर बसून लाकडी मोगरीने पत्रा ठोकत होते, आठवतं? तू हसलास, प्लॅस्टिकचे आयते मिळतात म्हणालास. ते म्हणाले, मी अठ्ठावीसची जागा सोडलीय, पुढे मोठे टायर लावशील. तेव्हा मीपण तुझ्याबरोबर हसलो होतो.

मी घरातला लोखंडी हातोडा आणला आणि मागचं मडगार्ड आतून वर ठोकलं. मधे फुगलं, बाजूंनी खाली आलं. घाबरून ३२ परत केले, २८ आणले. आता तेपण घासायला लागले. सायकल तशीच अंकलच्या अंगणात ठेवून पळालो.

रविवारी चर्चच्या मिस्साहून आल्यावर अंकलनी नेहमीसारखं चाक फिरवलं. मी तिथेच तुझ्या मम्मीने दिलेला केक खात होतो. खर्र आवाज आला. त्यांनी टायरवरचा आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "अठ्ठावीसच आहे रे. माझंच माप चुकलं, डोळा गेला." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायलो.

तेव्हापासून त्यांनी हत्याराला हात लावला नाही. शेजारचा फर्डिनंड, चर्चच्या फाटकाची कडी बसवून द्या म्हणून आला, त्याला दुसरा माणूस बघायला सांगितलं. सकाळी पेपर, दुपारी पेपर, तोच. परवा त्यांनी पत्रा कापायची कात्री माझ्या हातात दिली. तुझे हात चांगले आहेत, ठेव, म्हणाले. माझे हात, शॅनन.

कात्री घेऊन त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. सगळं सांगितलं, वाळू, ३२, हातोडा, सगळं. ते हसले. "मला बरं वाटावं म्हणून थापा मारतोस," म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मागे एकदा गिरीजच्या वाडीत बिबट्या शिरलाय सांगून मीच त्यांना तासभर आंब्यावर बसवलेलं. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मडगार्ड दाखवा म्हटलं तर गोणीत भरून माळ्यावर टाकलेत, काढू देत नाहीत.

फोनवर सांगितलं असतं तर तुलापण मस्करी वाटली असती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय, चुका तूच सुधार. तू थापा मारत नाहीस. पप्पांना फोन करून हे सगळं वाचून दाखव. मग सांग, मागचं मडगार्ड खाली काढा आणि आतून बोट फिरवा. सात चौकोनी खड्डे लागतील, लोखंडाचे. मोगरीने तसले पडत नाहीत. डोळ्यावर भरवसा नसेल तर नसू दे, त्यांच्या बोटांना कळेल कोणाचे ते. कात्री मी फडक्यात गुंडाळून ठेवलीय, मागतील त्या मिनिटाला आणून देईन.

पण बाकी कोणाला बोलू नको, तुझ्या पाया पडतो. तुझ्या मम्मीला तर नाहीच, ती मला केक द्यायची बंद होईल. आणि हे लिहिताना मी रडलो, ते पप्पांनापण वाचून दाखवू नको. ही ओळ गाळ. प्लीज, कोणालाच नको सांगू.

तुझाच, आणि या वेळी खरं बोलणारा,
सुमेध